अवकाशस्थ व्यतिकरणमापन आणि सापेक्षतावादी कालदुरुस्ती : एक ऐतिहासिक अभ्यास (१९६७ ते २०२४)

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खगोलशास्त्रीय निरीक्षणाच्या साधनांमध्ये जे मूलभूत परिवर्तन घडून आले, त्यात व्यतिकरणमापनाचे स्थान महत्त्वाचे आहे. परस्परांपासून दूर असलेल्या दोन किंवा अधिक ग्राहकांवर एकाच स्रोताकडून येणाऱ्या लहरी नोंदवायच्या, त्या नोंदी एकमेकींशी जुळवायच्या आणि लहरी पोहोचण्याच्या वेळेतील सूक्ष्म अंतरावरून स्रोताची रचना किंवा दिशा ठरवायची, हे या पद्धतीचे थोडक्यात स्वरूप होय. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण याच तत्त्वावर काम करते. तेथील तीस अँटेनांचे संकेत प्रकाशीय तंतूंद्वारे एका मध्यवर्ती ठिकाणी आणले जातात. त्यामुळे सर्व अँटेनांना एकच घड्याळ पुरते.

मात्र ग्राहक उपग्रहावर बसविला की ही सोय उरत नाही. वेगाने फिरणारे घड्याळ पृथ्वीवरील घड्याळापेक्षा संथ चालते, तर पृथ्वीच्या गुरुत्वक्षेत्रापासून दूर गेलेले घड्याळ जलद चालते. आइन्स्टाइन यांच्या १९०५ च्या विशिष्ट व १९१५ च्या व्यापक सापेक्षता सिद्धांतांतून निघणारे हे निष्कर्ष दीर्घकाळ केवळ सैद्धांतिक चर्चेचे विषय मानले जात होते. अवकाशस्थ व्यतिकरणमापनाने त्यांना यंत्राच्या रोजच्या हिशेबात आणले. हा प्रवास कसा घडला आणि त्यात ‘दुरुस्ती’ या शब्दाचा अर्थ कसा बदलत गेला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

उद्दिष्टे

१. अवकाशस्थ व्यतिकरणमापनातील सापेक्षतावादी कालदुरुस्तीच्या विकासाचे टप्पे स्पष्ट करणे.
२. प्रत्येक टप्प्यात घड्याळाचे स्थान आणि दुरुस्तीची पद्धत यांतील संबंध तपासणे.
३. या विकासातील भारतीय, विशेषतः पुणे येथील संशोधनाच्या योगदानाची नोंद घेणे.

पूर्वपीठिका : शंका आणि पडताळणी

दूरस्थ दुर्बिणी तारेने न जोडता, प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र आणवीय घड्याळ ठेवून नोंदी चुंबकीय फितीवर घ्यायच्या आणि नंतर त्या एकत्र आणून जुळवायच्या, हे तंत्र १९६७ साली कॅनडा व अमेरिका येथील गटांनी यशस्वी करून दाखविले. हेच अतिदीर्घ आधाररेषा व्यतिकरणमापन होय. या तंत्राने दुर्बिणींमधील अंतराची मर्यादा दूर केली, परंतु त्याच वेळी संपूर्ण भार घड्याळांवर टाकला. दोन घड्याळांच्या चालीतील फरक नीट कळला नाही तर व्यतिकरणाचे पट्टे पुसले जातात आणि निरीक्षण वाया जाते.

याच सुमारास प्रकाशाच्या प्रवासकाळाविषयीही नवे भान आले. सूर्याजवळून जाणाऱ्या रडार संकेताला परतण्यास अपेक्षेपेक्षा अधिक वेळ लागला पाहिजे, असे अर्विन शपिरो यांनी १९६४ मध्ये दाखवून दिले. बुध व शुक्र यांच्याकडून परावर्तित झालेल्या संकेतांच्या मोजणीतून पुढील काही वर्षांत त्याला पुष्टी मिळाली. हा विलंब जास्तीत जास्त सुमारे २०० मायक्रोसेकंद असतो. म्हणजे केवळ घड्याळाची चालच नव्हे, तर दोन घड्याळांमधील संकेताचा प्रवासही गुरुत्वाकर्षणाने बदलतो हे सिद्ध झाले.

तरीही अभियंत्यांचा विश्वास लगेच बसला नाही. यासंदर्भात १९७७ सालची एक घटना उद्बोधक आहे. दिशादर्शन उपग्रह प्रणालीच्या पूर्वतयारीसाठी अमेरिकेने जून १९७७ मध्ये ‘एनटीएस-२’ हा उपग्रह सोडला. त्यावर सिझियम घड्याळ होते. कक्षेत ते लाख कोटी भागांत ४४६.५ भाग जलद चालेल, असे सापेक्षता सिद्धांत सांगत होता. तथापि ही दुरुस्ती खरोखरच आवश्यक आहे काय, याविषयी काही संबंधितांच्या मनात शंका होती. म्हणून दुरुस्ती करणारे उपकरण उपग्रहावर बसविले खरे, पण ते सुरुवातीस बंद ठेवण्यात आले. सुमारे वीस दिवस घड्याळ तसेच चालू दिले. मोजणी आली लाख कोटी भागांत ४४२.५ भाग. त्यानंतर दुरुस्ती सुरू करण्यात आली. ती केली नसती तर घड्याळ दररोज सुमारे ३८ मायक्रोसेकंदांनी पुढे गेले असते. इतक्या वेळात प्रकाश अकरा किलोमीटरहून अधिक अंतर कापतो. दुरुस्तीसाठी बटण ठेवावे लागले, ही बाब त्या काळातील मनःस्थितीची साक्ष देते.

याच्या एक वर्ष आधी, १८ जून १९७६ रोजी, रॉबर्ट व्हेसॉट व मार्टिन लेव्हिन यांच्या गटाने ‘ग्रॅव्हिटी प्रोब ए’ या प्रयोगात हायड्रोजन मेसर घड्याळ अग्निबाणाने सुमारे १०,००० किलोमीटर उंचीवर नेले होते. या प्रयोगातील खरी अडचण वेगळीच होती. अग्निबाणाच्या गतीमुळे होणारा डॉप्लर परिणाम गुरुत्वीय परिणामाच्या हजारो पट मोठा होता. त्यावर योजलेली युक्ती पुढील इतिहासाच्या दृष्टीने निर्णायक ठरली. जमिनीवरून वर जाऊन परत येणाऱ्या संकेतात गुरुत्वीय परिणाम जाताना जितका होतो, तितकाच येताना उलट होतो व नाहीसा होतो. डॉप्लर परिणाम मात्र दुप्पट होतो. उलट वरच्या घड्याळातून केवळ खाली येणाऱ्या संकेतात दोन्ही परिणाम एकेकदा असतात. त्यामुळे दुहेरी संकेताचा निम्मा डॉप्लर एकेरी संकेतातून वजा केला की गुरुत्वीय परिणाम शिल्लक राहतो. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार सिद्धांत व मोजणी यांचा मेळ दहा लाखांत सुमारे ७० भाग इतक्या अचूकतेने बसला.

पहिला टप्पा : घड्याळ जमिनीवर, दुर्बीण अवकाशात

अवकाशातील ग्राहक आणि जमिनीवरील दुर्बिणी यांच्यात व्यतिकरण पट्टे मिळविण्याचा पहिला यशस्वी प्रयोग १९८६ मध्ये झाला. त्यासाठी स्वतंत्र उपग्रह सोडलेला नव्हता. अमेरिकेच्या ‘टीडीआरएस’ या संदेशवहन उपग्रहावरील ४.९ मीटर व्यासाची अँटेना वापरण्यात आली. जपानमधील उसुदा आणि ऑस्ट्रेलियातील टिडबिनबिला येथील ६४ मीटर व्यासाच्या दुर्बिणी तिच्या जोडीला होत्या. पृथ्वीच्या व्यासाहून मोठी आधाररेषा व्यवहारात आणता येते, हे या प्रयोगाने सिद्ध केले.

त्यानंतर जपानने १२ फेब्रुवारी १९९७ रोजी ‘हाल्का’ हा खास या कार्यासाठी बांधलेला उपग्रह सोडला. त्याची अँटेना ८ मीटर व्यासाची होती. कक्षा लंबवर्तुळाकार असून उपभू बिंदू ५६० किलोमीटरवर व अपभू बिंदू २१,४०० किलोमीटरवर होता. एका प्रदक्षिणेस सुमारे ६.३ तास लागत.

या कक्षेत एखादे मुक्त घड्याळ ठेवले असते तर काय झाले असते, याचा हिशेब करून पाहणे उपयुक्त ठरेल. उपभू बिंदूपाशी उपग्रहाचा वेग सेकंदाला सुमारे ९.६ किलोमीटर असल्याने घड्याळ हजार कोटी भागांत सुमारे ४.६ भाग संथ चालले असते. अपभू बिंदूपाशी वेग २.४ किलोमीटरपर्यंत घटतो आणि गुरुत्वाचा परिणाम वरचढ ठरतो. तेथे तेच घड्याळ हजार कोटी भागांत सुमारे ५ भाग जलद चालले असते. म्हणजे दर प्रदक्षिणेत दुरुस्तीचे चिन्हच दोन वेळा बदलले असते. पाच गिगाहर्ट्झ कंप्रतेवर हजार कोटीत पाच भाग म्हणजे सेकंदाला अडीच आवर्तने. एका मिनिटाच्या निरीक्षणात दीडशे आवर्तनांचा घोटाळा झाल्यावर पट्टे उरणे शक्य नव्हते. चालीतील स्थिर फरक पट्ट्यांचा शोध घेताना सामावून घेता येतो. सतत बदलणारा फरक मात्र आधीच गणिताने काढावा लागतो.

हाल्काच्या रचनाकारांनी यावर जो मार्ग काढला तो ध्यानात घेण्याजोगा आहे. त्यांनी उपग्रहावर मेसर घड्याळ ठेवलेच नाही. जमिनीवरील पाच मागोवा-केंद्रांतील मेसर घड्याळांचा संदर्भसंकेत उपग्रहाकडे पाठविला जाई आणि उपग्रह तो परत पाठवी. जाण्या-येण्यातील कलेच्या फरकावरून दुव्याची दुरुस्ती होत असे. अशा रीतीने उपग्रहाच्या स्वतःच्या काळाचा प्रश्न टाळला गेला. परंतु प्रश्न टळला म्हणजे सापेक्षता टळली असे नव्हे. तिचे स्थान बदलले एवढेच. आता अचूक माहिती हवी होती ती उपग्रहाच्या कक्षेची आणि संकेताच्या प्रवासकाळाची. घड्याळ वर न नेणे हाही एका अर्थी दुरुस्तीचाच प्रकार होता.

या सर्व गणितासाठी आवश्यक असलेली समान भाषाही याच काळात घडत होती. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने १९९१ व २००० सालच्या ठरावांद्वारे सूर्यमालेच्या वस्तुमानमध्याशी निगडित काळ आणि पृथ्वीच्या केंद्राशी निगडित काळ यांच्या सापेक्षतावादी व्याख्या निश्चित केल्या. पृथ्वीवरील दुर्बिणींसाठी विलंबाचे सर्वमान्य सूत्रही १९९० च्या दशकाच्या प्रारंभी स्वीकारले गेले. मात्र हे सूत्र पृथ्वीच्या पृष्ठभागावरून घेतलेल्या निरीक्षणांसाठी होते. अवकाशातील अँटेनासाठी त्याचा विस्तार करणे भाग होते.

दुसरा टप्पा : घड्याळ अवकाशात

रशियाने १८ जुलै २०११ रोजी ‘स्पेक्टर-आर’ हा उपग्रह सोडून ‘रेडिओअ‍ॅस्ट्रॉन’ प्रकल्पाचा प्रारंभ केला. दहा मीटर व्यासाच्या अँटेनासह हा उपग्रह पृथ्वीपासून सुमारे साडेतीन लाख किलोमीटर दूर, जवळजवळ चंद्राच्या अंतरापर्यंत जात असे. त्यावर प्रत्यक्ष हायड्रोजन मेसर घड्याळ बसविले होते. हाल्काने जो प्रश्न टाळला होता, तो आता समोर उभा राहिला.

अपभू बिंदूजवळ हे घड्याळ पृथ्वीवरील घड्याळापेक्षा हजार कोटी भागांत सुमारे ६.८ भाग जलद चाले. त्या दराने दिवसाला सुमारे ५९ मायक्रोसेकंदांचा फरक पडतो. प्रकल्पातील सर्वोच्च, म्हणजे २२ गिगाहर्ट्झ कंप्रतेवर हा फरक सेकंदाला सुमारे पंधरा आवर्तने इतका होतो. उपग्रह पृथ्वीजवळ येताना वेग व गुरुत्व दोन्ही झपाट्याने बदलत. त्यामुळे नोंदी जुळविणाऱ्या संगणक-प्रणालींचीही पुनर्रचना करावी लागली. जर्मनीतील बॉन येथील माक्स प्लांक संस्थेत प्रचलित सहसंबंधक प्रणालीची एक विशेष आवृत्ती तयार करण्यात आली आणि तिच्यात अवकाशस्थ अँटेनासाठी व्यापक सापेक्षता सिद्धांतावर आधारित विलंबाचे गणित समाविष्ट केले गेले.

येथे एक तात्त्विक पेच उद्भवतो. जो परिणाम आधीच खरा मानून नोंदींतून वजा केला, त्याच परिणामाची त्याच नोंदींवरून परीक्षा घेता येईल काय? रेडिओअ‍ॅस्ट्रॉनच्या अभ्यासकांनी या पेचाचे संधीत रूपांतर केले. उपग्रह दोन प्रकारे चालविता येत होता : स्वतःच्या मेसरवर किंवा जमिनीवरून आलेल्या संदर्भसंकेतावर. पहिल्या प्रकारात गुरुत्वीय ताम्रसृती संकेतात दिसते, दुसऱ्यात ती जाता-येता नाहीशी होते. दोन्ही प्रकार आलटून-पालटून वापरले तर फरकातून ताम्रसृती वेगळी काढता येते. १९७६ च्या प्रयोगातील युक्तीचेच हे नवे रूप होते.

फळ मात्र अपेक्षेइतके मिळाले नाही. दहा हजार भागांत एकापेक्षाही बरीच सूक्ष्म परीक्षा घडावी, अशी अभ्यासकांची आशा होती. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात सिद्धांतापासूनचे विचलन दहा हजारांत २.१ भाग व त्यातील अनिश्चितता ३.३ भाग आढळली, म्हणजे सिद्धांताला बाध आला नाही. परंतु १९७६ च्या प्रयोगाचा उच्चांक मोडला तो दुसऱ्याच उपग्रहांनी. २०१४ मध्ये चुकीच्या, लंबवर्तुळाकार कक्षेत गेलेल्या युरोपच्या दोन गॅलिलिओ दिशादर्शन उपग्रहांच्या घड्याळांवरून २०१८ मध्ये सुमारे पाचपट अधिक अचूक परीक्षा घेण्यात आली. कक्षेतील चूकच तेथे प्रयोगाचे साधन बनली. स्पेक्टर-आरशी असलेला संपर्क जानेवारी २०१९ मध्ये तुटला आणि त्याच वर्षी मे महिन्यात प्रकल्प समाप्त झाल्याचे जाहीर करण्यात आले.

तिसरा टप्पा : दुरुस्ती हेच यंत्र

पहिल्या दोन टप्प्यांत यंत्र आधी आणि दुरुस्ती नंतर असा क्रम होता. गुरुत्वीय तरंगांचा वेध घेण्यासाठी योजलेल्या ‘लिसा’ या प्रकल्पात हा क्रमच नाहीसा झाला. सूर्याभोवती फिरणारी तीन याने, त्यांचा सुमारे २५ लाख किलोमीटर बाजूचा त्रिकोण आणि प्रत्येक बाजूवरून दोन्ही दिशांनी जाणारे लेसर किरण, अशी ही रचना आहे. एका बाजूवरून जाण्यास प्रकाशाला सुमारे ८.३ सेकंद लागतात. युरोपीय अवकाश संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये प्रकल्पाच्या बांधणीस मान्यता दिली असून प्रक्षेपण २०३५ च्या सुमारास नियोजित आहे.

जमिनीवरील व्यतिकरणमापीच्या दोन्ही भुजा समान ठेवता येतात. त्यामुळे लेसरमधील चढउतार दोन्ही भुजांत सारखेच येतात व वजा होतात. लिसाच्या भुजा सतत कमी-जास्त होतात. लेसरमधील चढउतार अपेक्षित तरंग-संकेताच्या कोट्यवधी पट मोठे असल्याने ते तसेच राहिले तर काहीच हाती लागणार नाही. यावर १९९९ मध्ये मासिमो टिंटो, जॉन आर्मस्ट्राँग व फ्रँक एस्टाब्रूक यांनी उपाय मांडला. नोंदी योग्य तितक्या वेळाने मागे सरकवून एकमेकींत मिळवायच्या. एक काल्पनिक किरण आधी पहिल्या भुजेवरून व मग दुसऱ्या भुजेवरून फिरवायचा. दुसरा किरण उलट क्रमाने. दोन्ही मार्गांची एकूण लांबी सारखीच होते आणि लेसरचे चढउतार वजा होतात. व्यतिकरण प्रत्यक्ष काचेवर न घडता संगणकात घडते.

अशा किती जुळण्या शक्य आहेत? या प्रश्नाचे पद्धतशीर उत्तर २००२ मध्ये पुण्याच्या आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्रातील (आयुका) संजीव धुरंधर यांनी राजेश नायक आणि फ्रान्समधील जाँ-इव्ह व्हिने यांच्यासमवेत दिले. काळ मागे सरकविण्याच्या क्रियेला त्यांनी बीजगणितातील चल मानले. मग चढउतार घालविणाऱ्या सर्व जुळण्यांचा संच ही बहुपदींच्या वलयावरील एक सुपरिचित बीजगणितीय रचना ठरते आणि तिचे जनक घटक ज्ञात पद्धतीने काढता येतात. तोवर युक्तीने एकेक शोधल्या जाणाऱ्या जुळण्यांना या कार्याने सर्वंकष पाया मिळाला. या विषयाचा टिंटो व धुरंधर यांनी २००५ मध्ये लिहिलेला समीक्षालेख पुढे अद्ययावत होत राहिला.

मात्र या पायातच एक गृहीतक दडलेले होते. दोन विलंब कोणत्याही क्रमाने लावले तरी फळ एकच, म्हणजे विलंबक्रिया क्रमनिरपेक्ष आहेत, हे ते गृहीतक होय. याने स्थिर असती तर ते खरे ठरले असते. २००३ च्या सुमारास नील कॉर्निश, रोनाल्ड हेलिंग्ज, डॅनियल शॅडॉक व इतरांनी दाखवून दिले की त्रिकोणाच्या परिभ्रमणामुळे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने व विरुद्ध दिशेने फिरणाऱ्या प्रकाशाला लागणारा वेळ सारखा नसतो. जॉर्ज सान्याक यांनी १९१३ मध्ये फिरत्या यंत्रात दाखविलेला हाच परिणाम. तत्कालीन आराखड्यातील ५० लाख किलोमीटर बाजूच्या त्रिकोणासाठी हा फरक सुमारे १४ किलोमीटर होता. बाजू निम्मी झाल्यावर क्षेत्रफळ एकचतुर्थांश होत असल्याने तो सुमारे साडेतीन किलोमीटरवर आला. शिवाय याने परस्परांच्या सापेक्ष सेकंदाला दहा मीटरच्या आसपास वेगाने सरकत असल्याने ‘आधी पहिली भुजा, मग दुसरी’ आणि ‘आधी दुसरी, मग पहिली’ या मार्गांत काही शे मीटरचा फरक पडू शकतो. चढउतार घालविण्यासाठी भुजांच्या लांबीचे ज्ञान काही दशक मीटरपेक्षा सूक्ष्म असावे लागते, हे लक्षात घेता हा फरक उपेक्षणीय नव्हता. म्हणून काल्पनिक किरण आणखी एकदा उलट क्रमाने फिरविणाऱ्या ‘दुसऱ्या पिढीच्या’ जुळण्या शोधल्या गेल्या. त्यांचे बीजगणित क्रमनिरपेक्ष नसल्याने अधिक अवघड आहे. एक भुजा निकामी झाल्यास उद्भवणाऱ्या स्थितीचा या दृष्टीने विचार धुरंधर, नायक व व्हिने यांनीच २०१० मध्ये केला.

घड्याळांचा प्रश्नही येथे नव्या रूपात आला. सूर्याच्या गुरुत्वामुळे व परिभ्रमणवेगामुळे तिन्ही यानांची घड्याळे सूर्यमालेच्या समान काळापेक्षा दिवसाला सुमारे १.३ मिलिसेकंद मागे पडतात. हा भाग तिघांना समान आहे. परंतु कक्षा किंचित लंबवर्तुळाकार असल्याने प्रत्येक घड्याळ वर्षभरात सुमारे अर्धा मिलिसेकंद पुढे-मागे होते आणि तिन्हींचे हे हेलकावे एकाच वेळी होत नाहीत. अर्ध्या मिलिसेकंदात प्रकाश सुमारे १५० किलोमीटर जातो. सूर्याच्या गुरुत्वामुळे एका भुजेवर होणारा शपिरो-विलंबही सुमारे ५० मीटर अंतराइतका आहे. २००५ ते २००७ या काळात फ्रान्समधील अभ्यासकांनी लिसाचे प्रकाशदुवे व घड्याळे यांचे सापेक्षतावादी विश्लेषण प्रसिद्ध केले. यानांवरच्या घड्याळांत ‘मुख्य’ असे कोणतेच नसल्याने येथे कोणते घड्याळ चुकले, हा प्रश्नच गैरलागू ठरतो.

निष्कर्ष

१. सापेक्षतावादी कालदुरुस्तीच्या इतिहासात शंका, गणना व अंतर्भाव असे तीन टप्पे स्पष्ट दिसतात. १९७७ मध्ये ती बंद-चालू करता येणारी सोय होती. हाल्का व रेडिओअ‍ॅस्ट्रॉनच्या काळात ती नोंदींवरील आवश्यक संस्कार बनली. लिसामध्ये तिच्याविना व्यतिकरणच अस्तित्वात येत नाही.

२. घड्याळ कोठे ठेवायचे हा केवळ तांत्रिक निर्णय नव्हता. घड्याळ जमिनीवर ठेवल्याने दुरुस्ती सोपी झाली, तर ते अवकाशात नेल्याने सिद्धांताची परीक्षा घेणे शक्य झाले.

३. ‘दुरुस्ती’ ही संज्ञा काही अंशी दिशाभूल करणारी आहे. उपग्रहावरील घड्याळ चुकत नाही. ते स्वतःचा काळ अचूक दाखविते. अभ्यासक करतात ते एका काळाचे दुसऱ्या काळात रूपांतर होय.

४. पुणे येथील बीजगणितीय कार्याने या रूपांतराला व्यापक गणिती चौकट दिली. ज्या यानांची बांधणी युरोपात व्हावयाची आहे, त्यांच्या नोंदींतून अर्थ काढण्याच्या पद्धतीचा एक आधार महाराष्ट्रात रचला गेला.

समारोप

हिंगोली जिल्ह्यातील औंढा परिसरात लायगो-इंडिया या जमिनीवरील गुरुत्वीय तरंग वेधशाळेच्या उभारणीस केंद्र शासनाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली आहे. त्या निमित्ताने महाविद्यालयांतून या विषयाकडे विद्यार्थ्यांचे लक्ष वेधले जाणे स्वाभाविक आहे. सापेक्षता सिद्धांत शिकविताना तो बहुधा वेगवान अग्निबाण व जुळ्या भावांच्या कल्पित उदाहरणांतून शिकविला जातो. त्याऐवजी वीस दिवस बंद ठेवलेले बटण, जमिनीवरच राहिलेले मेसर आणि क्रम बदलला की बदलणारे बीजगणित ही इतिहासातील उदाहरणे घेतली, तर विद्यार्थ्यांना सिद्धांताची व्यावहारिक बाजू अधिक नेमकेपणाने उमगेल. शिवाय शंका घेणे, ती मोजून पाहणे आणि मगच स्वीकार करणे ही विज्ञानाची रीतही त्यांना या निमित्ताने समजून घेता येईल.